एका बोटाचा सौदा

१

नवखा माणूस बैलाची शिंगं पाहतो. अर्धवट शहाणा वशिंड चाचपतो, शेपूट पिळून बघतो. ज्याला खरंच कळतं तो या सगळ्याच्या आधी बैलाचं तोंड उघडतो. शिंगांना तेल लावता येतं, अंगाला रंग देता येतो, पण दात मालकाला न विचारता वय सांगून टाकतात. जैनथचे बापूजी गुरांच्या बाजारातले जुने दलाल. त्यांची सारी हयात तोंडं उघडण्यात गेली. डाव्या हातानं वेसण धरायची, उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून, जिथं जनावराला दात नसतात त्या रिकाम्या जागेतून, हळूच आत सारायचा आणि खालचा ओठ ओढून धरायचा. दोन पक्के दात आले असले तर दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि सगळे भरले की जुळलेला. बापूजींना तर मोजायचीही गरज नसे. अंगठा फिरला की काम झालं.

एकदा पैनगंगेपलीकडचा एक व्यापारी म्हातारा बैल दात कानशीनं घासून, गोऱ्हा म्हणून विकायला घेऊन आला. बापूजींनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काऊन जी, बैलाची दाढी करून आणली का?" सारा बाजार हसला. त्या व्यापाऱ्यानं पुन्हा जैनथचं नाव काढलं नाही.

असा हा हसरा, बोलका माणूस यंदाच्या हिवाळ्यात एकाएकी मुका झाला.

सकाळची वेळ होती. अंगणात धुकं होतं, राहीबाई चुलीवर पाणी तापवत होत्या. बापूजींनी ब्रश तोंडात घातला आणि डाव्या खालच्या जबड्यात, मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागावा तसा झटका बसला. ब्रश खाली पडला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्याच क्षणी काही नाही, जणू झालंच नव्हतं.

"काय झालं जी?" राहीबाई उठून आल्या.

बापूजींनी हातानंच थांब म्हटलं. दुखणं गेलं होतं. ते आठवत होते ते दुखण्याच्या आधीचं. झटका बसण्याआधी, निमिषभर, त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर कुणीतरी बोट टेकवलं होतं. बोट कसलं, अंगठाच. त्याची पकडही त्यांच्या ओळखीची होती. वाऱ्याची झुळूक असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

२

झटके वाढत गेले. दाढी करताना, भाकरीचा घास डाव्या बाजूला गेला की, पायलीभर बोलून झाल्यावर शेवटच्या शब्दाला. ऑटोत बसलं की वारा लागायचा, म्हणून बापूजी मोठ्या उपरण्यानं तोंड गुंडाळून बसू लागले. बाजारातले लोक म्हणत, "बापूजी, सासुरवाशीण झाले का?" बापूजींना हसताही येत नव्हतं, कारण हसलं की झटका.

आता व्यापारी माणसाचा एक स्वभाव असतो. नुकसान दिसलं की ते थोडक्यात मिटवायचं. सडका आंबा पेटीत ठेवायचा नाही. बापूजींनी ठरवलं, दाढ सडली आहे, काढून टाकू. आदिलाबादला एका दवाखान्यात गेले. तिथल्या माणसानं दाढ ठोकून पाहिली आणि म्हणाला, चांगली दिसते. बापूजी हटून बसले. गिऱ्हाईकच हटलं तर दुकानदार किती वेळ नाही म्हणणार? दाढ निघाली.

ती त्यांनी तळहातावर घेऊन उजेडात धरली. किडलेली नव्हती, मुळंही शुभ्र होती. बैलाची असती तर त्यांनी दाढेवरूनच त्याची किंमत वाढवली असती.

"फेकून द्या ती," राहीबाई म्हणाल्या. "पाहू नोका असं."

आठवडाभरात झटके परत आले. बापूजी पुन्हा गेले, शेजारची दाढही काढून आले. तीही तशीच, धडधाकट.

आणि मग एक दिवस अंगणात बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. अंगठा आता फक्त ओठाच्या कोपऱ्यावर टेकत नव्हता. तो आत येत होता. जिथं दात नसतात त्या रिकाम्या जागेतून. ती रिकामी जागा त्यांनी स्वतःच करून दिली होती.

३

राहीबाईंनी शेवटी हट्ट धरला आणि त्यांना डॉ. देवश्रींकडे नेलं. आदिलाबादच्या जुन्या मराठी घरातली ही बाई, वडील शाळेत मास्तर, हैदराबादला शिकून परत गावातच दातांचा दवाखाना टाकलेला. बाहेर बाकावर एक तेलुगू म्हातारी बसली होती. बापूजींचं गुंडाळलेलं तोंड पाहून ती कळवळून म्हणाली, "पंटि नोप्पा?" दात दुखतो का, असं तिचं विचारणं. बापूजींनी मान हलवली, पण हो की नाही हे त्यांनाच कळलं नाही.

आत गेल्यावर त्यांनी उपरणं सोडलं आणि बोटानं दाखवलं. "ही काढून टाका. ही एकच."

"काढू की नको ते मी ठरवीन, काका," देवश्री म्हणाली. "आधी मला सांगा, दुखतं तेव्हा किती वेळ टिकतं?"

"बैलानं शेपूट झटकावी इतका."

"झोपेतून उठवतं?"

"नाई."

"गरम चहा, थंड पाणी?"

"वारा," बापूजी म्हणाले. "निसता वारा लागला तरी. अन् बोललं तर." ते थांबले, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, डोळे मिटले, झटका जाऊ दिला. राहीबाईंनी तोंड फिरवलं.

देवश्री वाट पाहत होती. मग तिनं आरशाच्या दांडीनं एकेक दात ठोकला. थंड फवारा लावलेला बोळा एकेका दाताला टेकवला. फोटो काढला. दातांना काही झालं नव्हतं. शेवटी तिनं कापसाची बारीक वात करून हनुवटीच्या डाव्या बाजूला अलगद फिरवली आणि बापूजी खुर्चीतून अर्धे उठले. तीच वात उजवीकडं फिरवली, काही नाही.

"मधल्या रेषेपलीकडं कधी जातं?"

"कधीच नाई. शेताच्या धुऱ्यावर थांबल्यासारखं थांबते."

देवश्री स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "काका, हा दात नाही. नस आहे. मेंदूतून चेहऱ्याला एक नस येते. बहुतेकदा तिच्यावर एखादी रक्ताची नळी टेकून बसलेली असते, तिथलं आवरण झिजतं. मग साधा स्पर्श झाला तरी नस विजेसारखी पेटते. अशा माणसाचे सगळे दात काढले तरी दुखणं तिथंच राहतं. तुमच्या दोन दाढा फुकट गेल्या."

"चांगल्याच होत्या. मी पाह्यल्या ना."

"मग काढल्या काऊन?" राहीबाई म्हणाल्या.

"बाई," बापूजी देवश्रीकडे वळून म्हणाले, "नसेचं दुखणं हाय तर मंग अंगठा लावल्यासारखं काऊन वाटते?"

"अंगठा?"

"झटक्याच्या आधी. कुणी तोंड उघडून पाह्यल्यासारखं."

देवश्रीनं पेन खाली ठेवलं. "नस बिघडली की काहीही भासू शकतं," ती म्हणाली. तिचा आवाज नीटच होता. पण तिनं परत विचारलं, "कुठून आत येतो?"

४

खात्री करायची म्हणून तिनं जबड्याच्या मागं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. नसेचं दुखणं असेल तर तेवढा वेळ झटका येणार नाही, असं तिनं समजावलं. खरंच तसं झालं. ओठ जाड झाला, हनुवटी लाकडाची झाली. तिनं कापूस फिरवला, सुई टोचली, हवेचा झोत मारला. बापूजींना काही कळलं नाही. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपली जीभ डाव्या बाजूला नेली.

"बोला आता," देवश्री म्हणाली.

"काय बोलू?" ते म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाचं त्यांना हसू आलं. अर्ध्या ओठानं हसले. राहीबाई पदर डोळ्यांना लावून हसल्या. म्हणाल्या, "बोला, बोला, किती दिवसाचं साचलं असन!"

मग देवश्री हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. राहीबाई पिशवीत चष्मा शोधत होत्या. नळाचा आवाज येत होता. खुर्ची मागं कलती होती आणि बापूजी वर, दिव्याच्या काचेत पाहत होते.

त्याच वेळी अंगठा आला.

ओठ त्यांना लागत नव्हता, हनुवटी लागत नव्हती, पण अंगठा लागत होता. जणू त्यांचं तोंड तिथं नव्हतंच, फक्त तो अंगठाच होता. तो कोपऱ्यातून आत आला, रिकाम्या जागेतून सरला, खालचा ओठ ओढला, आणि सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा, एकेका दातावरून फिरत गेला. दुखलं नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. आजवर झटक्याच्या भयात जे नीट कळत नव्हतं ते आता पहिल्यांदा नीट कळलं. हे दुखणं नव्हतं. ही पारख होती.

दिव्याच्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं. खालचा ओठ एका बाजूनं उलटा झाला होता. सुन्न ओठ लोंबतो, हे त्यांनी मनाला बजावलं. लोंबणारा ओठ खाली येतो. असा बाजूला ताणला जात नाही, हेही मन म्हणालं, पण ते त्यांनी ऐकलं नाही.

नळ बंद झाला. ओठ सुटला.

५

गोळ्या सुरू झाल्या. देवश्रीनं नीट सांगितलं होतं: थोड्यापासून सुरू करायच्या, हळूहळू वाढवायच्या, मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. अंगावर पुरळ आली तर मात्र त्याच दिवशी फोन करून यायचं. रक्त तपासायचं. चक्कर येईल, झोप येईल, गाडी चालवायची नाही. नंतर नागपूरला नसांच्या डॉक्टरकडं जाऊन मेंदूचा फोटो काढायचा. गोळीनं नाही भागलं तर ऑपरेशनही असतं, घाबरायचं नाही.

फरक पडला. झटके कमी झाले, बारीक झाले. बापूजी पुन्हा बाजारात गेले. धम्मदीप म्हणून त्यांच्याच वयाचा दलाल होता, त्यानं लांबूनच हाक दिली, "आला का बाप्पा नवरदेव! आमाले वाटलं तुमचे दात पाहून कोणी तुमालेच घेऊन गेलं."

सगळे हसले. बापूजीही हसले, पण हातातली वेसण त्यांनी उगाच घट्ट धरली.

त्या दिवशी त्यांनी एक सौदा केला. बाजाराचा दस्तूर असा, की भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणारा आणि देणारा यांचे हात एका रुमालाखाली जातात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. आजूबाजूच्याला कळत नाही, भांडण होत नाही. नुसता हात ठेवला तर बोलणं चालू आहे, हात काढून घेतला तर बोलणं संपलं. आणि समोरच्यानं धरलेलं बोट परत दाबून हलवलं, तर कबूल. मात्र रुमाल टाकायच्या आधी एक गोष्ट तोंडानं ठरते: बोट कशावर? शेकड्यावर की हजारावर? ती ठरल्याशिवाय कुणी शहाणा माणूस बोट देत नाही. त्या बोटाचा अर्थ मग आभाळाएवढाही होऊ शकतो.

बापूजींच्या बोटांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की धम्मदीप म्हणायचा, "बापूजी मेले तरी रुमाल टाकून हात घाला, भाव सांगतीन."

६

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंगणात उन्हाला बाजेवर पडले. हिवाळ्यातलं ऊन, गोळीची गुंगी. गल्लीतून वारा येत होता, म्हणून उपरणं तोंडावर ओढून घेतलं आणि गाल झाकायला उजवा हात त्याच्याखालीच ठेवला. घरात सून रंजीता पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता. नात मैत्री ओसरीवर पाटीवर काहीतरी गिरवत होती. शेजारच्या घरात कुणी तेलुगूत बोलत होतं. सगळं नेहमीचं.

उपरण्याखाली त्यांच्या हातात एक हात आला.

हात थंड होता, कोरडा होता, आणि धंद्यातला होता. नवखा माणूस हात कसा घालतो आणि मुरलेला कसा घालतो, हे बापूजींना सांगावं लागत नव्हतं. त्या हातानं काही मागितलं नाही. नुसता टेकून राहिला, बोलणं चालू आहे म्हणून.

इथं दुसरा कुणी ओरडला असता. बापूजींनी ते केलं जे त्यांची बोटं आयुष्यभर करत आली होती. मन अजून म्हणत होतं, गुंगी आहे, स्वप्न आहे, राहीचा हात असेल. आणि तेवढ्यात त्यांची बोटं बोलूनही गेली. तर्जनी पुढं झाली. सगळ्यात थोडं देऊन सोडवून घ्यायचं, हा व्यापाऱ्याचा पहिला धडा. एक.

त्या हातानं ते बोट धरलं. क्षणभर थांबला. मग दाबलं, आणि दोनदा हलवलं.

बापूजींनी उपरणं झटकलं. अंगणात ऊन होतं. लाटणं चालू होतं. मैत्री पाटी पुसत होती.

"कोण आलं होतं इथं?"

"कोणीच नाई, आबा," मैत्री म्हणाली.

बापूजी उठून बसले. थंड वारा सरळ गालावर आला. त्यांनी अंग आखडून वाट पाहिली. झटका आला नाही. गाल चोळला. गाल दाबला. जबडा उघडून मिटला. काही नाही. दुखणं गेलं होतं.

मग हळूहळू, उन्हातच, त्यांना घाम फुटला. बोट कशावर, ते ठरलंच नव्हतं.

७

देवश्री खूश झाली. "गोळी लागू पडली, काका. रक्तही ठीक आहे. तरी नागपूरला जाऊन या. हे दुखणं कधी कधी महिनोन्‌महिने झोपून राहतं, म्हणून गेलं असं समजायचं नाही."

"परत येऊ शकते का?"

"येऊ शकतं. पण घाबरू नका, उपाय आहेत."

बापूजींनी हे विचारलं ते वेगळ्या आशेनं, हे तिला कसं कळणार?

घरी ते सगळ्यांकडे पाहू लागले. एक म्हणजे काय? एक दाढ म्हणावी, तर ती जागच्या जागी होती. एक वर्ष? घ्यावं बापडं, त्यांचं वय झालंच होतं. एक बैल? गोठ्यातली जोडी शाबूत होती. पण तो हात जनावराचं तोंड पाहणाऱ्याचा होता, आणि पाहणारा म्हातारं जनावर कशाला घेईल? झिजलेल्या दातांना बाजारात कोण विचारतं? हा विचार आला आणि त्यांनी तो लगेच बाजूला सारला. इतका लगेच, की त्यांनाच शंका आली.

त्याच संध्याकाळी रंजीता हसत बाहेर आली. "मामाजी, पाहा ना, मैत्रीचे दुधाचे दात पडले होते ना खालचे? नवे आले. दोन."

मैत्रीनं मान मागं टाकून तोंड उघडलं. पांढरे, कंगोरेदार, पक्के. खालच्या ओळीत, मधोमध.

राहीबाईंनी नातीची अलाबला घेतली. बापूजी बसल्या जागी बसून राहिले. बाजारात सगळ्यात जास्त मागणी कशाला असते, हे त्यांना कुणी विचारायची गरज नव्हती. दोनदाती म्हणजे उभं आयुष्य पुढं.

"काऊन जी, कौतुक नाई का?" राहीबाई म्हणाल्या.

"तोंड मिटव, मैत्री," बापूजी म्हणाले. "मिट ना व. थंडी हाय."

८

सौदा मोडता येतो. माल नेला नसेल तोवर रुमालाखाली परत हात घालायचा आणि दिलेलं बोट मागं घ्यायचं. धम्मदीपला त्यांनी बोलता बोलता विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मोडता येते ना बाप्पा. पण समोरच्यानंही हात घातला पाह्यजे. एकट्यानं रुमालात हात घालून बसलं तर लोक येडा म्हणतीन."

म्हणून बापूजींनी गोळ्या बंद केल्या.

दुखणं आलं की अंगठा येईल. अंगठा आला की हात येईल. हात आला की बोट परत घेता येईल. हा हिशेब त्यांना इतका सरळ वाटला की डॉक्टरीणबाईनं काय बजावलं होतं ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहाटे धुक्यात उघड्या तोंडानं ते पैनगंगेच्या वाटेवर उभे राहू लागले. बर्फासारख्या पाण्यानं चूळ भरली. ब्रशचा दांडा हिरडीवर घासला, रक्त आलं. चणे डाव्या बाजूनं चावले. दुपारी उपरणं तोंडावर घेऊन, हात त्याच्याखाली पसरून पडून राहिले. हात रिकामाच राहिला.

राहीबाईंना गोळ्या उशीखाली सापडल्या.

"येड लागलं का तुमाले?" त्यांनी पाकीट त्यांच्यापुढं आपटलं. "मरणाचं भोगलं, देवानं सोडवलं, अन् तुमी परत बोलावून राह्यले?"

"देवानं नाई सोडवलं, राही."

"मंग कोणं?"

ज्या बाईनं आपल्याला जन्मभर ओळखलं तिला काय सांगावं? की तुझ्या नातीचे दात कुणीतरी पाहून ठेवले आहेत? बापूजींनी गोळ्या उचलल्या.

"मले दुखलं पाह्यजे," ते म्हणाले. "एकदाच. एकदा दुखू दे."

राहीबाई मट्‌कन खाली बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचा डावा गाल आपल्या तळव्यात धरला. कित्येक दिवस ज्या गालाला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, तो गाल. चांगला चोळला, दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखते?"

"नाई," बापूजी म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडू लागले.

९

पुढं एका दुपारी ते बाजेवर पडले होते. डोळा लागला असावा. जागे झाले तेव्हा उपरणं तोंडावर नव्हतं. ते पलीकडे, ओसरीच्या कडेला पसरलं होतं, आणि मैत्री त्याच्यापाशी मांडी घालून बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत उपरण्याखाली होता. ती खुदूखुदू हसत होती.

"काय करून राह्यली?"

"खेळून राह्यली ना. तुमी शिकवलं तसं."

"मी कधी शिकवलं?"

"रोज तर खेळता. झोपले असले तरी खेळता." तिनं हात बाहेर काढला आणि बोटं हलवली. "आज मी जिकली, आबा. तुमी एकच बोट धरलं होतं, मी सगळे दिले."

बापूजी उठले. ओसरीपर्यंत गेले. मैत्री उठून उंबऱ्याकडे पळाली. उपरणं अजून मधोमध उंच होतं, जणू खाली कुणी हात टेकवून बसलं आहे. वारा असेल. वारा होताच. त्यांनी गुडघे टेकले आणि उपरण्याखाली हात घातला.

तो तिथं होता. तसाच थंड, तसाच कोरडा.

बापूजींनी तर्जनी मिटून घेतली आणि मूठ त्याच्यावर दाबली. मोडला, मोडला, ते तोंडानंही म्हणत होते. मग मूठ उघडून त्यांनी आपली पाचही बोटं पुढं केली. माझी घे. सगळी घे. कशावरही घे.

तो हात थोडा वेळ पडून राहिला. दाबला नाही, हलला नाही. मग त्यांच्या बोटांमधून, घाई न करता, तो निघून गेला. हात काढून घेतला की बोलणं संपलं, हे बापूजींनी किती जणांना समजावलं असेल. उपरणं सपाट झालं आणि त्याखाली फक्त त्यांचा स्वतःचा हात राहिला.

घरात रंजीता कुणाला तरी हाक देत होती. बापूजींनी वळून पाहिलं.

मैत्री उंबऱ्यावर उभी होती. हसणं थांबलं होतं. मान मागं टाकलेली, दोन्ही हात अंगालगत शहाण्या पोरीसारखे सरळ, तोंड अर्धं उघडं. समोर कुणी नव्हतं. आणि तिचा खालचा ओठ डाव्या कोपऱ्यातून, हळूच, बाजूला ओढला जात होता.